उभ्या गाडीत सकाळी पेट्रोलचा वास येतो; गळती नेमकी कोठे शोधावी?

प्रश्न

माझी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये उभी असते. गेले तीन आठवडे सकाळी दार उघडताच आत पेट्रोलचा वास येतो, आणि काचा खाली करून दहा मिनिटे गाडी चालवली की तो निघून जातो. फरशीवर डाग नाही, ॲव्हरेजमध्ये फरक जाणवत नाही, बॉनेट उघडून पाहिले तर तेथे वास नाही. मागे बसणाऱ्या आईला मात्र तो अधिक जाणवतो. गाडीला सीएनजी किट बसवलेले नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली असता ‘उन्हाळ्यात असे होतेच’ एवढेच उत्तर मिळाले. हे खरे आहे का? नसेल, तर शोध कोठून सुरू करावा?

प्रतिसाद १

उन्हाळ्यात वाफ अधिक होते हे खरे, पण ती बंद टाकीतच राहिली पाहिजे. गाडीच्या आत वास येणे कोणत्याही ऋतूत साधारण मानू नये.

कारण शोधण्याआधी गाडी तळघरातून बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचते, आणि हवेतील तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी एक ठिणगी पुरते. ज्या दिवशी वास उग्र असेल त्या दिवशी गाडी सुरू न करता चारही दारे उघडून ती ढकलत उघड्यावर न्यावी. बॅटरीची तारही तळघरात काढू नये, कारण ती सुटताना ठिणगी उडू शकते. रात्री पार्किंगमध्ये विडी ओढणाऱ्या रखवालदारालाही सांगून ठेवा.

आता तीन गोष्टी सांगा. टाकी पूर्ण भरल्यावर वास वाढतो की अर्ध्या टाकीवरही तेवढाच येतो? टाकी, पंप किंवा मागच्या सीटखाली अलीकडे काही काम झाले आहे का? पेट्रोल भरताना नोझल आपोआप बंद झाल्यावरही तुम्ही आणखी भरून घेता का?

धागाकर्ता

मी लक्षात घेतले नव्हते, पण पावत्यांच्या तारखा जुळवून पाहिल्यावर असे दिसते की टाकी भरल्यानंतर दोन-तीन दिवस वास असतो आणि काटा अर्ध्यावर आला की जातो. गेल्या दिवाळीत गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल पंपाची मोटर बदलली होती. भरणारा मुलगा ‘राउंड फिगर करू का’ विचारतो आणि मी नेहमी होकार देतो.

प्रतिसाद २

मग इंजिनाकडची शक्यता बरीच मागे पडते. इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) ओ-रिंग म्हणजे रबरी कडे, किंवा त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या रेलचा जोड गळत असता, तर टाकी कितीही भरलेली असो, गाडी बंद केल्यानंतर बॉनेटजवळ वास आला असता. टाकी भरलेली असतानाच वास येणे याचा अर्थ गळती टाकीच्या वरच्या भागात किंवा वाफेच्या वाटेवर आहे: पंपाच्या प्लेटखालचे (टाकीच्या तोंडावर पंप धरून ठेवणाऱ्या झाकणाखालचे) सील, भरण्याच्या नळीचा रबरी होज, वाफेची बारीक नळी किंवा कॅनिस्टर.

यांतला कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाची डबी. टाकीतील वाफ तिच्यात साठते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढली जाते. राउंड फिगरच्या नादात द्रवरूप पेट्रोल तिच्यात शिरले की कोळसा भिजतो आणि वाफ धरण्याची त्याची क्षमता कमी होते. ही सवय आजच सोडा. तरीही माझा पहिला संशय सीलवर आहे, कारण कॅनिस्टरचा वास सहसा गाडीबाहेर अधिक येतो आणि तुमच्याकडे तो मागच्या सीटवर येतो.

टाकी भरलेली असताना, उघड्यावर, मागच्या सीटची गादी काढा आणि तिच्याखालचे झाकण उघडा. पंपाच्या प्लेटभोवतीची धूळ कोरडी असेल तर सील बहुधा शाबूत आहे. ती ओलसर, काळपट आणि चिकटलेली असेल तर गळती तेथेच आहे. मग कोणी इग्निशन चालू करावे आणि तुम्ही पंपावरील नळीचा जोड पाहावा. त्या क्षणी लाइनमध्ये साधारण तीन बार दाब येतो आणि सैल क्लिप लगेच उघडी पडते.

सील बदलण्याचे काम मात्र टाकी पावभर राहिल्यावरच करावे, लाइनमधील दाब आधी उतरवावा, आणि प्लेट आवळून धरणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नीऐवजी लाकडाच्या ठोकळ्याने फिरवावी.

प्रतिसाद ३

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली म्हणजे उंदीर: पुण्यातल्या तळघरांत ते वायरिंगबरोबर होजही कुरतडतात, तेव्हा टाकीवरून जाणाऱ्या नळ्यांवर टॉर्च मारून दातांच्या खुणा पाहा. दुसरी म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल. २०१४ ची गाडी २० टक्के मिश्रण गृहीत धरून घडवलेली नाही, त्यामुळे जुने रबर कडक होणे किंवा फुगणे शक्य आहे. पण दिवाळीतल्या कामाचा दुवा समोर असताना सगळा दोष इथेनॉलवर टाकण्याची घाई नको. पंपाकडून इंजिनाकडे जाणारा दाबाचा होज बदलावा लागला तर एसएई ३० आर ९ (इंजेक्शनच्या पेट्रोल होजचे मानक) असा छाप असलेलाच घ्या. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात साधा पाण्याचा पाइपही कोणी स्वस्तात देईल; तो पेट्रोलसाठी नसतो.

धागाकर्ता

काल एका ओळखीच्या मेकॅनिककडून सीट उघडून घेतली. प्लेटच्या डाव्या बाजूला धुळीचा काळा चिकट पट्टा होता. पंप बदलताना जुनेच सील पुन्हा बसवले गेले होते आणि ते एका ठिकाणी दुमडून चिमटले होते. होज व जोड ठीक निघाले. नवे सील बसवून टाकी नोझल बंद होईपर्यंतच भरली. आज सकाळी प्लेटपाशी नाक नेले तरी काही जाणवले नाही. गादीच्या फोमला मात्र अजून किंचित वास आहे.

प्रतिसाद २

फोम दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. तोपर्यंत गाडीत अत्तर किंवा फ्रेशनर लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी टाकी भरल्यावर सील नीट बसले आहे की नाही हे कळणार नाही.