सोनी की कॅनन? आधी सांगा, कुठल्या रांगेत बसता

बी-३०१ काकू: नमस्कार मंडळी. एक छोटा कॅमेरा घ्यायचाय. नातीचे नाचाचे कार्यक्रम असतात, फोनवर काढलेले फोटो बघवत नाहीत. चेहरा पुसल्यासारखा येतो आणि हात तर दिसतच नाहीत. चौकशी करून दोन नावं उरली आहेत, सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅनन जी७ एक्स मार्क ३. कोणी वापरलेत का? कुठला घेऊ?

ए-५०२ दादा: काकू, डोळे झाकून सोनी. २०० पर्यंत झूम आहे, कॅननला १०० वर संपतं. विषय संपला.

बी-७०४: मी पण हेच दोन बघतोय. पण मला तर सगळे कॅनन सांगतायत. लेन्स एफ १.८ आहे म्हणे, हा एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, म्हणजे कमी उजेडात भारी. काकूंचं काम स्टेजवरचं, म्हणजे कमी उजेडच की.

ए-२०३ काका: दोन्ही २०१९ चे आहेत ना? इतके जुने कशाला घ्यायचे? आता फोनला २०० मेगापिक्सेल असतात.

सी-१०४ ताई: काका, २०१९ चे आहेत हे खरं, दोन्ही जुलैत जाहीर झाले होते. पण मेगापिक्सेलवर जाऊ नका. या दोघांनाही २०.१ च आहेत आणि मोठी प्रिंट काढायला तेवढे पुरतात. फोटो कसा येणार ते सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या चकतीवर, किती उजेड पडतो यावर ठरतं.

काकू, मी दोन्ही वापरलेत. दोघांतही सेन्सरचा १ इंची म्हणतात तोच आकार आहे, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. साध्या छोट्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळ. वजनही सारखंच, बॅटरी आणि कार्ड धरून सोनी ३०२ ग्रॅम, कॅनन ३०४. म्हणजे खरा फरक लेन्सचा. आणि त्यासाठी मला आधी एक सांगा, कार्यक्रमाला तुम्ही कुठल्या रांगेत बसता?

बी-३०१ काकू: अगं पुढच्या रांगा पाहुण्यांना असतात. आम्ही आपले मधे नाहीतर मागे. का गं?

ए-५०२ दादा: मग झालं की! झूम!

बी-७०४: पण दादा, झूम केल्यावर सोनीची लेन्स एफ ४.५ होते. हॉलमध्ये काय दिसणार त्यात? कॅनन पूर्ण झूमवरही एफ २.८ राहतो. फोटो घ्यायचा आणि नंतर कापून मोठा करायचा.

सी-१०४ ताई: हा मुद्दा बरोबर वाटतो, बहुतेक जण इथेच कॅननकडे वळतात. पण नीट हिशोब करून बघा, मजा आहे.

नाचाला शटर स्पीड कमीत कमी १/२५० सेकंद तरी हवा, नाहीतर हात पुसले जातात. काकूंच्या फोटोत नेमकं तेच होतंय. समजा कॅननला पूर्ण झूमवर, म्हणजे १०० ला, एफ २.८ वर त्यासाठी आयएसओ ३२०० लागला. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, तो वाढला की फोटोत दाणे येतात. सोनीला २०० वर एफ ४.५ आहे, तिथे त्याच उजेडात साधारण ८००० लागेल. आकडा बघून वाटतं सोनी गेला.

पण मागच्या रांगेतून कॅननच्या १०० मध्ये नात लहान दिसणार. सोनीच्या २०० इतकी मोठी दिसायला तो फोटो रुंदीत निम्मा आणि उंचीत निम्मा कापावा लागतो. उरतो चौथा हिस्सा, २० पैकी ५ मेगापिक्सेल. आणि कापून मोठं करताना त्यातले दाणेही मोठे होतात. ३२०० ची सफाई तिथेच जाते.

आता लेन्सच्या कडेला छापलेलं वाचा. १०० आणि २०० हे मोठ्या कॅमेऱ्याच्या मापातले आकडे, लेन्सची खरी लांबी इथे असते. कॅननवर ८.८-३६.८ मिमी आणि १.८-२.८, सोनीवर ९-७२ आणि २.८-४.५. लांबीला एफच्या आकड्याने भागलं की लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाचा व्यास मिळतो. कॅनन ३६.८ भागिले २.८, साधारण १३ मिलिमीटर. सोनी ७२ भागिले ४.५, बरोबर १६. म्हणजे लांबच्या त्या एका मुलीकडून येणारा उजेड सोनीच जास्त गोळा करतो, जवळजवळ दीडपट. एफचा आकडा मोठा असूनसुद्धा!

बी-७०४: थांबा थांबा. म्हणजे एफ २.८ पेक्षा एफ ४.५ चांगला?

सी-१०४ ताई: लांबची वस्तू तेवढीच मोठी हवी असेल तर हो. जवळ आलात की उलटं होतं. झूम न करता, २४ वर, कॅननचं भोक ४.९ मिलिमीटर आणि सोनीचं ३.२. तिथे कॅनन दुपटीहून जास्त उजेड घेतो. घरात रात्री दिव्याखाली कॅननला आयएसओ ८०० लागला तर सोनीला २००० च्या आसपास. आणि इथे कापायचा प्रश्नच नाही, कारण मूल तुमच्यासमोर हातभर अंतरावर आहे.

बी-७०४: आमचं मूल तर अजून रांगतंय. सगळे फोटो घरातच.

सी-१०४ ताई: मग तुम्हाला कॅनन. मी तर म्हणेन, विचारच नको.

ए-२०३ काका: अगं पण माझा फोनचा प्रश्न राहिलाच. आमच्या चिरंजीवांच्या फोनमध्ये १ इंची सेन्सर आहे म्हणतो तो.

सी-१०४ ताई: असेल काका, असे फोन आलेत. पण तो सेन्सर मुख्य कॅमेऱ्याला, रुंद दिसणाऱ्या. झूमचा कॅमेरा वेगळा असतो, त्याचा सेन्सर लहान असतो. घरात, जवळून, तो फोन उत्तम फोटो देईल. काकूंची तक्रार स्टेजची आहे आणि तिथे फोन मागे पडतो.

ॲडमिन: पाण्याच्या टाकीची सूचना वर पिन केली आहे. ती सगळ्यांनी आधी वाचा, मग कॅमेरा चालू द्या.

बी-३०१ काकू: वाचली हो. पण मला तुमची भोकं-बिकं काही कळली नाहीत. मला नुसतं बघून कळेल असं काही सांग ना.

सी-१०४ ताई: सांगते. पुढच्या वेळी हॉलमध्ये तुमच्या नेहमीच्या जागी बसा आणि फोन काढा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं १x म्हणजे साधारण २४ ते २६ असतं. म्हणून ४x केलंत की जेवढं दिसतं तेवढं कॅनन पूर्ण झूमवर दाखवेल, आणि ८x म्हणजे सोनीचं पूर्ण झूम. फोटो कसा येतो ते बघू नका, तो वाईटच येईल. चौकटीत काय मावतंय तेवढं बघा. सगळा ग्रुप मिळून हवा असेल आणि तो ४x मध्ये भरून दिसत असेल तर कॅनन घ्या. एकट्या नातीसाठी ८x लागत असेल तर सोनी.

ए-५०२ दादा: हे बेस्ट आहे. फुकटात टेस्ट.

बी-३०१ काकू: उद्याच तालीम आहे, त्याच हॉलमध्ये. बघते.

ए-२०३ काका: आणि त्या व्ह्यूफाइंडरचं काय? मला स्क्रीनवर काही दिसत नाही, प्रत्येक वेळी जवळचा चष्मा लावावा लागतो.

सी-१०४ ताई: काका, हा मुद्दा काकूंनाही लागू आहे, बरं झालं विचारलंत. सोनीला वरच्या कोपऱ्यातून बाहेर येणारा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आहे, कॅननला नाही. त्याला चष्म्याचा नंबर जुळवायची बारीक सोय असते. ती एकदा आपल्या डोळ्याला लावून घेतली की चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. भर उन्हातही स्क्रीन दिसत नाही तेव्हा हाच उपयोगी. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकतो, हात कमी हलतो. अंधाऱ्या हॉलमध्ये मागच्या माणसाच्या डोळ्यावर स्क्रीनचा उजेड जात नाही हेही आहेच.

ए-२०३ काका: वा. पण मला गॅलरीतली फुलं काढायची असतात, नाच नाही.

सी-१०४ ताई: मग तुम्हाला कॅनन जास्त आवडेल. पूर्ण झूमवर तो २० सेंटीमीटरवरून फोकस करतो. सोनीला पूर्ण झूमवर १ मीटर मागे सरकावं लागतं. फुलातले परागकण, पानावरची कीड, हे कॅननवर सहज येतं. चष्म्याचं मात्र जमवून घ्यावं लागेल.

बी-७०४: फोकसबद्दल वाचलं की कॅनन व्हिडिओत पुढेमागे शोधत बसतो. खरं का?

सी-१०४ ताई: खरं आहे. सोनीच्या सेन्सरवर फोकससाठी ३५७ फेज डिटेक्शन बिंदू आहेत, म्हणजे वस्तू पुढे सरकली की मागे हे त्याला लगेच कळतं. डोळा धरून ठेवतो, पळणारं मूलही सुटत नाही. कॅननकडे ती सोय नाही, तो कॉन्ट्रास्ट बघून, थोडं पुढेमागे करून ठरवतो. शांत बसलेल्या मुलाला काही अडचण नाही. तुमचं चालायला लागलं की थोडा त्रास होईल, तेव्हा एका दमात बरेच फोटो काढा आणि चांगले ठेवा. कॅननच्या बाजूने एक सांगते, त्याचा टचस्क्रीन पूर्ण चालतो, मेन्यूसुद्धा बोटाने. सोनीचा मेन्यू बटणांनीच फिरवावा लागतो आणि तो लांबलचक आहे. सुरुवातीला वैताग येतो.

उन्हात व्हिडिओ काढणार असाल तर कॅननमध्ये एनडी फिल्टर आतच आहे, उजेड आठव्या हिश्शावर आणतो. सोनीच्या या मॉडेलमध्ये तो नाही. माइक लावायची जागा दोघांनाही आहे.

ए-५०२ दादा: नाच पूर्ण रेकॉर्ड होईल ना पण?

सी-१०४ ताई: ४के मध्ये ठेवू नका. कॅनन एका वेळी ९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतो, आणि एवढ्याशा अंगात दोघंही तापतात. पूर्ण नाच हवा तर फुल एचडी. टीव्हीवर छान दिसतं.

बी-३०१ काकू: मंडळी, जाऊन आले तालमीला. माझ्या नेहमीच्या जागेवरून ४x मध्ये अख्खं स्टेज जवळजवळ येतंय, दहा मुली आणि वरचा पडदासुद्धा. आमची नात कोपऱ्यात असते, ती शोधावी लागते. ८x ला डोक्यापासून पायापर्यंत ती आणि शेजारची एक, दोघी भरून दिसल्या. चेहऱ्यावरचे हावभावही कळत होते.

सी-१०४ ताई: मग काकू, सोनी. आता मनात शंका ठेवू नका.

ए-५०२ दादा: मी पहिल्याच मेसेजला सांगितलं होतं 😊

सी-१०४ ताई: दादा, तुमचं उत्तर बरोबरच निघालं. फक्त बी-७०४ ला तेच उत्तर दिलं असतं तर त्यांचं नुकसान झालं असतं.

काकू, कॅमेरा आला की एवढं करा. डायल एस वर ठेवा, म्हणजे शटर स्पीड आपण ठरवायचा, शटर १/२५० करा, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ६४०० किंवा १२८००. स्टेजच्या मागे काळा पडदा असतो, त्याला भुलून कॅमेरा सगळं उजळ करतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे १ करा, चेहऱ्याचा रंग जागेवर येईल. शटर मेकॅनिकल ठेवा. इलेक्ट्रॉनिकला आवाज नसतो म्हणून मोह होतो, पण एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. फ्लॅश बंदच, इतक्या लांब पोचत नाही आणि नाचणाऱ्यांच्या डोळ्यावर जातो. स्टॅबिलायझेशन चालू असू द्या, पण ते तुमचा हात सावरतं, नातीची गिरकी नाही. गिरकीला १/२५० च लागणार, जमलं तर १/५००.

बी-३०१ काकू: हे सगळं लिहून घेतलंय. नात म्हणाली आजी, तूच माझी फोटोग्राफर 🙏

बी-७०४: मी कॅनन नक्की केला. ताई, एक शेवटचं, बॅटरी?

सी-१०४ ताई: दोघांचीही छोटीच आहे. एका चार्जवर ठरावीक चाचणीत सोनीचे २६० फोटो, कॅननचे २३५. व्हिडिओ काढलात तर त्याहून लवकर संपते. जादा बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच मागवा, सोनीला एनपी-बीएक्स१ आणि कॅननला एनबी-१३एल, कंपनीचीच. कॅननला यूएसबी-सी आहे, पण घरातला कुठलाही चार्जर लावला की चार्ज होईलच असं नाही, पॉवर डिलिव्हरीवाला बघून घ्या. सोनीला अजून जुनी मायक्रो यूएसबीच आहे, ती वायर फेकून दिली असेल तर शोधून ठेवा.

ए-२०३ काका: माझ्याकडे आहेत तसल्या दोन वायरी. काकू, एक तुमच्याकडे पाठवतो.