मदत हवी आहे: सीनियर फ्रंट-एंडच्या मुलाखतीत नक्की बघतात तरी काय?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असतो, फ्रंट-एंडमध्ये (वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवण्यात) सात वर्षं झाली. सुरुवात जेक्वेरी आणि अँग्युलरजेएसवर, २०१९ पासून रिअॅक्ट. ऑफिसात ज्युनियर पोरं अडली की माझ्याकडेच येतात. तरी महिन्याभरात सीनियर पदाच्या दोन मुलाखतींत आपटलो.

पहिलीत सर्च बॉक्स लिहायला दिला. मी ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (टायपिंग थांबेपर्यंत शोध रोखून धरणं) लावला आणि खूश झालो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "'पु'चे निकाल 'पुणे'च्या निकालांनंतर आले तर?" मी गप्प. गंमत म्हणजे जुने निकाल नव्यांवर चढून बसण्याचा हा बग आमच्याकडे प्रॉडक्शनला आला होता; क्लायंटला "रिफ्रेश करा" सांगून मोकळा झालो होतो.

दुसरीत माझीच साइट उघडून एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) दाखवला, साडेचार सेकंद! अडीचच्या आत हवा हे पाठ होतं. कारण विचारल्यावर "इमेज मोठी असेल" म्हणालो. घरी येऊन बघतो तर सगळ्या इमेजेसना डोळे झाकून लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच इमेज आणणं) लावलेलं, अगदी वरच्या बॅनरलासुद्धा. जी आधी दिसायला हवी तीच रांगेत मागे.

आता शिकू काय? जाहिरातींत नेक्स्ट, ग्राफक्यूएल, मायक्रो फ्रंट-एंड, डॉकर... वाणसामानाची यादी बरी. घरी लहान मूल आहे, रोज तासभर मिळतो.

प्रतिसाद:

मुलाखती घेतो म्हणून सांगतो, ती यादी बाजूला ठेवा. सर्च बॉक्समध्ये नवी रिक्वेस्ट जाताना जुनी अबॉर्टकंट्रोलर या ब्राउझरच्याच सोयीने रद्द करायची, झालं. पण नेट गेलं तर काय दिसेल, बाणांच्या कीने यादीत खाली-वर जाता येतं का, किती निकाल आले ते स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सांगतो का, हे उमेदवार न विचारता बोलला तर मी त्याला सीनियर धरतो. खरं बटण न वापरता डिव्हवर (नुसत्या चौकटीवर) ऑनक्लिक टाकून त्याला बटण म्हणणारे दहा वर्षांचे अनुभवीही बघितलेत. एकदा माऊस बाजूला ठेवून, नुसत्या टॅब कीवर स्वतःचं अॅप वापरून बघा.

तासाभराचं म्हणाल तर क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू चौपट मंद करून ऑफिसचंच प्रॉडक्ट चालवा. मार्च २०२४ पासून गूगलच्या मोजमापांत एफआयडीच्या जागी आयएनपी (क्लिक केल्यावर पान प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतं) आहे. २०० मिलिसेकंदांच्या वर जाणारी एक क्लिक पकडा, मेन थ्रेड (ब्राउझरची पानाची कामं एकामागून एक करणारी मुख्य रांग) कोण अडवतंय ते शोधा, दुरुस्त करा, आधीचे-नंतरचे आकडे टिपून ठेवा. मुलाखतीत त्यावर अर्धा तास सहज बोलाल. टायपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) येत नसेल तर मात्र आधी ते.

धागाकर्ता:

टायपस्क्रिप्ट येतं... म्हणजे जिथे तिथे 'एनी' (कुठलाही टाइप चालेल) लावण्याइतपत. :) माऊस काढून बघितला. लॉगिन झालं, पुढे मेनूच उघडेना! सोमवारी टीमला दाखवतो. मेन थ्रेडपाशी अडलो की परत येतो इथेच.