बगीच्याला लागून स्वच्छतागृह: हवं की नको?

अन्नपूर्णाकर:
इंदूरच्या अन्नपूर्णा भागात आमच्या कॉलनीच्या बगीच्याला लागून निगमची, म्हणजे महापालिकेची, एक रिकामी पट्टी आहे. तिथे पर्यावरणाला जपणारं सार्वजनिक स्वच्छतागृह बांधावं, असा विषय रहिवाशांच्या बैठकीत निघाला आणि सरळ दोन तट पडले. माझं मत विचाराल तर बांधावं, आणि यंदाच बांधावं.

मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना फेरी अर्धवट टाकून घरी पळावं लागतं, हे सगळेच बघतात. पण त्यांचं घर निदान जवळ असतं. बगीच्यात खुरपणी करणाऱ्या बायका, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, फाटकाबाहेर भाजी विकणाऱ्या, यांनी दिवसभर कुठे जायचं? त्या पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. मग लघवीची जळजळ, संसर्ग, दवाखाना. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या शहरात हे चालता कामा नये.

आराखडा साधा आहे. राखेच्या विटा, छतावर सौर पॅनल, पाण्याविना चालणाऱ्या मुताऱ्या आणि दोन खड्ड्यांची शौचालयं. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. साधारण दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. ते बगीच्यालाच घालता येईल.

सकाळचा फेरा:
माझा विरोध आहे. पट्टी रिकामी दिसते, पण तिथे तीन कडुनिंब आहेत आणि पावसाचं पाणी मुरायला कॉलनीत तेवढीच उघडी माती उरली आहे. तिच्यावर सिमेंट ओतायचं आणि वर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लावायची, हे मला पटत नाही. शिवाय उद्घाटनाला सगळं चकाचक असतं. नंतर नळ तुटतात, कडी जाते, शेवटी कुलूप लागतं. वास मात्र बगीच्यात बसणाऱ्यांच्या नशिबी येतो.

रामबागवाला:
काका, कडुनिंबांना हात न लावता जागा बसते का, ते मोजून बघू या. पण देखभाल होत नाही म्हणून सोयच नको, हे मला मान्य नाही. याच न्यायाने मग बगीचाही नको, कारण झोपाळेही तुटतात.

मुरूम आणि गाळ:
मी बांधकामातला माणूस आहे. स्वच्छतागृहाला माझी हरकत नाही, खड्ड्यांना आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी फार हळू शोषते. अशा मातीत शोषखड्डा करायचा तर भोवती वाळूचा जाड वेढा द्यावा लागतो, खड्डा मोठा घ्यावा लागतो. घरगुती वापराला ते जमतं. शे-दीडशे माणसं रोज येणार असतील तर चातुर्मासात खड्डा वर येईल.

दुसरं याहून गंभीर. २०२५ च्या डिसेंबरात आपल्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं गेली. मुख्य जलवाहिनीची गळती सापडली ती वर शौचालय बांधलेल्या जागी. त्यानंतर कुठलंही स्वच्छतागृह ‘जागा मोकळी आहे’ एवढ्यावर ठरवायचं नाही. आधी जमिनीखाली काय आहे ते बघायचं. आमच्या जुन्या कॉलन्यांत नर्मदेच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज कुठे एकमेकींना ओलांडतात, ते कित्येकदा खोदल्यावरच कळतं.

सकाळचा फेरा:
हेच मी बैठकीत सांगत होतो, माझ्याकडे फक्त हे तांत्रिक शब्द नव्हते.

अन्नपूर्णाकर:
काका, तुमचा मुद्दा वासाचा आणि कुलपाचा होता. हा मुद्दा जागेचा आणि मैल्याच्या वाटेचा आहे. यावरून ‘बांधूच नये’ असं निघत नाही. ड्रेनेजची लाइन बगीच्यासमोरच्या रस्त्यातून जाते. खड्डे वगळा, तिला जोडा.

रामबागवाला:
ड्रेनेजलाच जोडायचं तर मग पर्यावरणपूरक काय राहिलं? नेहमीचं सुलभ बांधा, पैसे वाचतील.

अन्नपूर्णाकर:
पाणी राहिलं ना! आपल्याकडे येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आणतात. ते विजेचं बिल कमी व्हावं म्हणून निगमने २०२३ मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, काढून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प करायला. तेच पाणी आपण एका फ्लशला दहा-दहा लिटर सोडतो. तीन आणि सहा लिटरची दोन बटणांची टाकी बसवली आणि मुतारीला पाणीच लागलं नाही, तर रोजची बचत मोठी आहे. हात धुतलेलं पाणी वेगळ्या नळीने खडीच्या वाफ्यात सोडायचं, वर कर्दळ लावायची. पाणी खडीखालून वाहतं, म्हणून डास होत नाहीत. पुढे ते कडुनिंबांना.

मुरूम आणि गाळ:
कर्दळीचा वाफा चांगला चालतो, पण आधी गाळ बसायला छोटी टाकी हवीच, नाहीतर खडी तुंबते. पाण्याविना मुतारीचंही तेच. तिच्या तळाची वासरोधक झडप वेळच्या वेळी साफ केली नाही, बदलली नाही, तर साध्या मुतारीपेक्षा जास्त घाण वास येतो. ‘पाणी नको’ म्हणजे ‘माणूस नको’ असं समजू नका.

वैदेहीची आई:
त्या माणसाबद्दल बोला. पूर्ण पगारी बाई ठेवा, सकाळी एक, दुपारी एक. सहा प्रकारे कचरा वेगळा करणारं शहर आहे आपलं, त्यात सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा घरोघरी आहे. मग इथे बायकांच्या बाजूला तो का नाही आराखड्यात? आत पिशवी अडकवायला खुंटी, पोराला बदलायला फळी. आराखडा काढणाऱ्यांनी या गोष्टी एकाही बाईला विचारलेल्या दिसत नाहीत.

सकाळचा फेरा:
ताई, पगाराचं निगमकडून लेखी आणा आणि जलवाहिनीचा नकाशा पुढच्या बैठकीत ठेवा. आणि बांधायचंच तर मागच्या भिंतीला बांधा, बाकांपासून लांब. तोवर माझी सही मिळणार नाही.

अन्नपूर्णाकर:
नकाशासाठी आणि पगाराच्या लेखी हमीसाठी अर्ज सोमवारी झोन कार्यालयात देते. सोबत कुणी आलं तर बरं. वैदेहीच्या आईने सांगितलेल्या चारही गोष्टी आराखड्यात लिहिते. मागच्या भिंतीला मात्र माझा ठाम नकार आहे, काका. तिकडे दिवा नाही, येणं-जाणं नाही. संध्याकाळी सातनंतर तिथे एकही बाई पाऊल टाकणार नाही. जागा फाटकाजवळच हवी.