मदत हवी आहे: मुलाला मिसुरीत शेजाऱ्यांनी शिकारीच्या खारी दिल्यात, आपल्या पद्धतीने कशा करायच्या?

पाचपाखाडी_काकू

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून आधी सगळं नीट सांगते. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या एका लहान गावात आहे. शेजारचे आजोबा निवृत्त आहेत, दरवर्षी खारींच्या शिकारीला जातात. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ही शिकार रीतसर करता येते. परवा त्यांनी सोलून, साफ करून चार खारी मुलाला आणून दिल्या. पिशवीवर त्यांचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख सगळं लिहिलेलं. वर म्हणाले, "तुझी आई करते तसं कर, शनिवारी आम्ही दोघं जेवायला येतो."

रात्री मुलाचा फोन. "आई, मटणासारखंच करू का?"

मटण, कोंबडी, खिमा मला डोळे मिटून जमतं, पण रानातलं मांस मी कधी शिजवलेलं नाही. सासूबाई रोह्याकडच्या. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी त्यांच्या माहेरी ससा शिजायचा. त्या आज असत्या तर त्यांनाच विचारलं असतं.

व्हिडिओ कॉलवर त्याने ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. दोन खारी लहान, मांस फिकट गुलाबी. दोन चांगल्या थोराड, मांस काळपट लाल. त्यातल्या एकीच्या मांडीवर रक्त साकळल्याचा डाग, त्याच्या मधोमध बारीक भोक. काही केस अजून चिकटलेले. चरबी म्हणाल तर नावालाही नाही.

आमच्या ह्यांना हे मुळातच पटलेलं नाही. सेतू बांधताना वाळू वाहणारी, रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली ती खार. त्यांचं मन मला कळतं. आमच्या खिडकीतही रोज एक खार येते, तिच्यासाठी मी शेंगदाणे ठेवते. पण तिकडे एका म्हाताऱ्या माणसाने स्वतः शिकार करून, निगुतीने साफ करून, आपुलकीने दिलेलं हे अन्न आहे. ते कचऱ्यात जाऊ नये आणि पाहुण्यांच्या ताटात वातटही पडू नये, एवढीच माझी तळमळ आहे. शाकाहार-मांसाहाराचा वाद कृपया इथे नको.

मांस भिजत घालायचं का? त्याच्याकडे मी दिलेला तीन लिटरचा कुकर आहे, त्यात किती वेळ ठेवायचं? छर्रे राहिले असतील तर काढायचे कसे? आणि खाऊन काही बाधणार तर नाही ना? मसाल्याचंही सांगा.

रानवाट

काकू, मी बरीच वर्षं अर्कान्सासमध्ये होतो, आता खारघरला असतो. मिसुरीच्या दक्षिणेलाच अर्कान्सास, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलेलं आणि खाल्लेलं आहे.

आधी काळजी मिटवतो. मिसुरीत खारींचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो. दिवसाला १० खारींची मर्यादा आहे. शिकार दुसऱ्याला दिली तर तिच्यावर शिकाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक लागतो, म्हणून पिशवीवर ते सगळं लिहिलंय. आजोबा नियमाने वागणारे दिसतात.

तिथे दोन जाती मारतात, ग्रे आणि फॉक्स. फॉक्स अंगाने मोठी. कोवळी खार तव्यावर परतूनही होते, जून खार मात्र पाण्यात निवांत शिजवल्याशिवाय चावली जात नाही. तुमच्या वर्णनावरून दोन कोवळ्या आणि दोन जून वाटतात. चारही एकाच वेळी कुकरला लावू नका, कोवळ्यांचा भुगा होईल आणि जून तशाच राहतील.

मांस गोठवलेलं असेल तर पिशवी फ्रीजमध्येच ठेवून बर्फ उतरू द्या, ओट्यावर नको. कच्चं मांस हाताळताना हातमोजे घालू दे. केस वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून काढायचे. मांडीवर जिथे भोक आहे तिथे सुरीचं टोक घालून छर्ऱ्याची वाट शोधायची. छर्रा बहुतेक वेळा केसांचा पुंजका आत घेऊन जातो, तोही काढायचा. साकळलेल्या रक्ताचं मांस सरळ कापून टाकायचं, त्यात लोभ नको. पुढच्या पायांच्या बगलेत आणि कमरेपाशी वालाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, जुने शिकारी त्या आवर्जून काढतात. त्या राहिल्यात का ते बघायला सांगा.

तुकडे पाच: दोन मांड्या, दोन पुढचे पाय आणि पाठ. खरं मांस मांड्यांना आणि पाठीला. बरगड्यांवर काहीच नसतं, त्या रश्श्याच्या पाण्यात टाकायच्या. मग रात्रभर मिठाच्या पाण्यात, फ्रीजमध्ये. रक्त उतरतं, उग्र वास जातो.

डोकं दिलं असेल तर मेंदू अजिबात खायचा नाही. १९९७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या काही रुग्णांबद्दल डॉक्टरांनी लिहिलं होतं. मेंदूच्या एका दुर्मीळ, जीवघेण्या आजाराचा खारीचा मेंदू खाण्याशी संबंध असावा, अशी शंका त्यांनी मांडली होती. ती सिद्ध झाली नाही, पण चमचाभर मेंदूसाठी जोखीम कशाला घ्यायची?

येऊर_भटका

काकू, तुमच्या प्रश्नात काही गैर नाही. पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानातच येतं. शेकरू हीसुद्धा खारच, आणि ती आपला राज्यप्राणी आहे. इथल्या खारीवर गलोल धरायचं कुणाच्या डोक्यात येऊ नये. आणि मुलगा येताना हौसेने डब्यात घेऊन निघाला, असंही व्हायला नको.

पाचपाखाडी_काकू

अगदी बरोबर लिहिलंत. इथे करायचा प्रश्नच नाही आणि तिकडून आणायचाही नाही. जे तिथे मिळालंय ते तिथेच शिजणार.

घणसोलीकर

ताई, मसाल्याचं मी सांगतो. आमच्या आगरी घरात कुठलंही मांस असो, आधी हळद, मीठ, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण चोळून मुरवायचं. मग कांदा तेलात चांगला लाल करायचा, आगरी मसाला घालायचा, त्यावर मांस परतायचं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण सगळ्यात शेवटी. मांसाला चरबी नाही म्हणताय, तर तेलाला हात आखडू नका. सोबत तांदळाची भाकरी जमली तर उत्तम, नाही तर भात. जून मांसाला कच्च्या पपईचा कीस लावा, लोण्यासारखं होतं.

रानवाट

घणसोलीकर, हिरवं वाटण एकदम पटलं. पपई मात्र नको. एका खारीचं मांस पाव किलोच्या आसपास, तुकडे बारीक. पपई लावून वेळेचा अंदाज जरा चुकला की बाहेरून लगदा आणि आत तसंच चिवट. त्यापेक्षा कुकर बरा. जून तुकड्यांना मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. कोवळ्या तुकड्यांना कुकर नकोच, पातेल्यात झाकण ठेवून शिजतील.

गरम मसाला बेताने घाला. ह्या खारी ओकची फळं आणि हिकरी नावाच्या झाडाच्या बिया खाऊन वाढतात, मांसाला किंचित गोडसर चव असते. लवंग-दालचिनीच्या भडिमारात ती कळणारच नाही.

साधा_वरणभात

मी खात नाही, वाद घालायलाही आलेलो नाही, खरंच विचारतोय. खार उंदराच्या जातकुळीतली. मग रोगांचं काय?

रानवाट

रास्त प्रश्न आहे. कुरतडणारा प्राणी आहे हे खरं, पण तो राहतो झाडावर आणि खातो बिया, फळं, कोंब. धोका मुख्यतः कच्चं मांस हाताळताना. तुलारेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार सशांकडून आणि क्वचित खारींकडूनही माणसाला होतो, बहुधा सोलताना हातावरच्या जखमेतून. म्हणून हातमोजे म्हटलं. नीट शिजवल्यावर तो जिवाणू मरतो. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस गाठलं की झालं. तिकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर कुठल्याही दुकानात मिळतो.

पाचपाखाडी_काकू

मंडळी, तातडीने उत्तर हवंय! मुलाने मोठ्या खारींचे तुकडे कुकरमधून काढले. मांस हाडावरून सुटतंय, पण हाडं अजून लालसर-गुलाबी आहेत. कच्चं राहिलं का? की आजार होता त्या खारीला? तो फोन धरून उभा आहे.

रानवाट

काकू, घाबरू नका. फॉक्स खारीची हाडं मुळातच गुलाबी असतात. तिच्या शरीरात पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य हाडांत साठतं. माणसात असं झालं तर तो गंभीर आजार, ह्या जातीत मात्र ते निरोगी खारीचं लक्षण. कितीही शिजवलं तरी हाड पांढरं व्हायचं नाही. हाडाकडे बघू नका, मांस सुटलंय आणि थर्मामीटर बरोबर दाखवतोय ना, मग झालं.

आता ते मांस हाताने सोडवून घ्यायला सांगा. हाडं सुईसारखी बारीक असतात, रश्श्यात राहिली तर घशाला लागतील. सोडवताना प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपायचा, राहिलेला छर्रा तेव्हाच हाताला लागतो.

पाचपाखाडी_काकू

जिवात जीव आला. सांगितलं त्याला. आणखी एक विचारते. आजींचा निरोप आलाय की त्यांच्या माहेरी व्हर्जिनियात खारीचा स्ट्यू करत, तसं काही असेल तर आवडेल. मग सुकं करू की रस्सा?

रानवाट

रस्सा. त्या म्हणतायत तो ब्रन्सविक स्ट्यू असणार. व्हर्जिनियातली ब्रन्सविक काउंटी तो १८२८ पासूनचा आमचा म्हणते, जॉर्जियातलं ब्रन्सविक शहर तो आमचा म्हणतं, हा वाद आजही चालू आहे. व्हर्जिनियावाल्यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ पदार्थ खारीचाच होता, आता सगळीकडे कोंबडी घालतात. टोमॅटो, मका, लिमा बीन्स हे पुढे आलं. तुमच्या रश्श्यात टोमॅटो आणि मक्याचे थोडे दाणे पडले तर आजींना ओळखीचं वाटेल. तिखट अर्ध्यावर आणा.

घणसोलीकर

मका? बरं, पाहुण्यांसाठी चालेल. पण खोबऱ्याचं वाटण गाळू नका.

पाचपाखाडी_काकू

मंडळी, शनिवार पार पडला. कोवळ्या दोन खारी हिरव्या वाटणात मुरवून सुक्या केल्या, जून दोन रश्श्यात. वाटण घातलं, मकाही घातला. बरगड्यांचं पाणी काढून तेच रश्श्याला वापरलं. आजोबांनी सुकं दोनदा घेतलं, आजींनी रश्श्याची कृती लिहून नेली. मांड्यांचं मांस मऊ झालं होतं, पाठीचं जरा कोरडं वाटलं असं मुलगा म्हणाला. ह्यांनी फोनवर सगळं विचारून घेतलं, पाहुणे तृप्त झाले म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता नवीनच निघालंय. पुढच्या हंगामात आजोबा त्याला बरोबर नेणार म्हणतायत. जाऊ द्यावं का?

रानवाट

पाठ कोरडी होतेच, पुढच्या वेळी ती पण रश्श्यात घाला.

जायला हरकत नाही, पण बंदूक हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. मिसुरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि तो नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते, पण व्हिसाचा प्रश्न आहे, वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये. पहिल्या खेपेला नुसतं आजोबांबरोबर बसावं. पहाटे ओकच्या झाडाखाली गप्प बसून टरफलं कुठे पडतायत ते ऐकायचं, अर्धी शिकार तीच. डोक्यावर भडक नारिंगी टोपी मात्र हवीच.

पाचपाखाडी_काकू

वकिलाचं आणि टोपीचं आजच सांगते. रश्श्याची कृती मापासकट पाककृती विभागात टाकते, कोंबडी घालून करता येईल अशी.