विषय : बेळगावच्या मुक्कामात बाळाचे कान टोचण्याविषयी

प्रेषक : एक सभासद (माहेर खानापूर, सासर निपाणी)

मंडळातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही परदेशातून चार आठवड्यांसाठी गावी जात आहोत. आमची मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची असेल आणि मुलगा पाच वर्षांचा. मुलीचे कान अजून टोचलेले नाहीत, कारण बारशाच्या वेळी घरचे कोणीच इथे नव्हते आणि इथल्या मॉलमधील दुकानात बंदुकीने कान टोचून घेणे मनाला पटले नाही. खानापूरला माझ्या आईची इच्छा अशी आहे की, पौष लागण्यापूर्वी दिवस पाहून सोनाराला घरी बोलवावे आणि मुलीला माझ्या भावाच्या मांडीवर बसवून, मामानेच दिलेल्या सोन्याने कान टोचावेत. निपाणीला सासूबाईंचे म्हणणे निराळे आहे. त्यांच्या घरात जावळ आणि कान टोचणे ही दोन्ही कार्ये देवीच्या दारी एकाच दिवशी करण्याची रीत आहे. त्यामुळे निघण्याच्या आधीच्या आठवड्यात, सगळे नातेवाईक जमले की, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन दोन्ही उरकावीत, असे त्या म्हणतात. यजमानांना मात्र बेळगावातील एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडे जाणे अधिक सुरक्षित वाटते.

तिघांचेही हेतू चांगले आहेत आणि कोणालाही दुखवण्याची माझी इच्छा नाही. ज्यांनी गावी जाऊन हे कार्य केले आहे, त्यांनी कृपया अनुभव आणि सल्ला कळवावा. मुलाचेही कान टोचावेत का, याविषयीही घरात बोलणे चालू आहे.

आपली नम्र.

---

प्रेषक : एक सभासद (मूळ गाव चिकोडी)

ताई, नमस्कार.

माझे मत कदाचित कोणाला आवडणार नाही, तरी ते मनापासून मांडतो. आम्ही आमच्या मुलीचे कान लहानपणी टोचले नाहीत. घरून फार आग्रह झाला, आईने फोनवर अबोलाही धरला. पण मुलीला स्वतःला हवे वाटेल तेव्हा ती सांगेल, या मतावर आम्ही ठाम राहिलो. ती शाळेत जाऊ लागल्यावर एक दिवस तिनेच हट्ट धरला, कान टोचून घेतले आणि रोज सकाळ-संध्याकाळ जखम स्वच्छ करण्याचे कामही तिने स्वतः केले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचेही म्हणणे असे आहे की, काळजीपूर्वक टोचल्यास कोणत्याही वयात धोका कमीच असतो, परंतु मूल स्वतः जखमेची निगा राखू शकेल इतके मोठे होईपर्यंत थांबणे हे सर्वसाधारणपणे बरे. नऊ महिन्यांच्या बाळाला हो किंवा नाही म्हणता येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. निर्णय अर्थातच तुमचा.

---

प्रेषक : ज्येष्ठ सभासद (माहेर शहापूर, बेळगाव)

ताई, तुम्हांला आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

सोनार की डॉक्टर, घर की देऊळ, या सगळ्यांपेक्षा तुमच्या पत्रातील ‘निघण्याच्या आधीच्या आठवड्यात’ हे शब्द मला अधिक खटकले, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते.

आपल्याकडून गावी जाणारी पुष्कळ कुटुंबे असेच करतात. पहिले काही दिवस मुलांची झोप मार्गी लावण्यात जातात, मग गाठीभेटी, मग देवदर्शन, आणि कान टोचण्याचे काम विमानाच्या आदल्या दोन-चार दिवसांवर येऊन पडते. त्यामुळे कानाला सूज येते ती प्रवासात किंवा इथे परतल्यावर; बाळी रुतू लागली आणि ती सैल करायची झाली, तर ती वळणारा सोनार सातासमुद्रापलीकडे असतो, आणि इथल्या तातडीच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी पीळ देऊन बंद केलेली अशी तार बहुधा कधी पाहिलेली नसते. कानाच्या पाळीला पाडलेल्या छिद्राची जखम भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार आठवड्यांच्या मुक्कामात ते काम पुरे होणार नाही हे खरे, परंतु सूज, पाणी येणे, तार रुतणे या तक्रारी ज्या पहिल्या दिवसांत निघतात, ते दिवस तरी गावी, सोनाराच्या आणि डॉक्टरांच्या हाताशी जातील. म्हणून बाळाची झोप स्थिरावली की पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस कान टोचून घ्या, मग ते कोणाच्याही हातून असोत. तुमच्या आईंची पौषापूर्वीची इच्छा आणि ही गरज इथे एकत्र येतात, हे चांगलेच झाले.

आता सोनाराविषयी. आमच्या भागातला जुना हात असलेला सोनार, मग तो शहापूरच्या सराफ गल्लीतील असो की खानापूर-नंदगड बाजूच्या खेड्यातील पत्तार असो, वेगळी सुई वापरत नाही. तो सोन्याची बारीक तार ओढून घेतो, तिचे एक टोक कानशीने तिरकस घासून अणकुचीदार करतो, आणि तीच तार पाळीतून आरपार नेऊन लगेच तिची बाळी वळतो. जी तार टोचते तीच कानात राहते आणि ती या एका बाळासाठीच ओढलेली असते, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या रक्ताचा संबंध येत नाही. मला या पद्धतीचा विश्वास वाटतो तो याच कारणाने, केवळ ती जुनी आहे म्हणून नव्हे. उरतो तो प्रश्न त्याच्या बोटांचा आणि चिमट्याचा. चिमटा घरीच उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवा, तार स्पिरिटमध्ये बुडवायला सांगा, आणि सोनाराच्या हातावर साबण व पाणी घालायला कोणाला तरी उभे करा. जाणता माणूस याचा राग मानत नाही. जो मानेल, त्याला नारळ देऊन सन्मानाने परत पाठवावे.

टोचण्याची जागा ठरवणे हे या कामातले खरे कसब आहे. सोनार बाळाला उजेडाकडे तोंड करून बसवायला सांगतो. पाळी दोन बोटांत धरून किंचित ताणली आणि मागून ऊन आले की, तिच्या मध्यावर एक पातळ, फिकट जागा दिसते, जिथे शीर आडवी येत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात हेच सांगितले आहे : सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, बाळाला मांडीवर घेऊन, डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या नैसर्गिक छिद्राच्या जागी टोचावे, मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आले किंवा वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे, हेही तिथे आहे. रक्षण आणि भूषण अशी दोन्ही कारणे त्या ग्रंथाने दिली आहेत. माझ्या माहेरच्या सोनारांनी तो ग्रंथ वाचला असेल असे मला वाटत नाही, पण त्यांचे हात त्याच वाटेने जात.

गंधाचे टिपके लावून झाले की घाई करू देऊ नका. बाळाला मांडीवर सरळ बसवून तुम्ही समोरून पाहा, कारण आडव्या बाळाच्या पाळीवर लावलेले टिपके ते बसल्यावर वर-खाली दिसतात. पाळीच्या खालच्या कडेच्या फार जवळ टोचू देऊ नका. पुढे झुमके घालायच्या वयात तेच भोक ओघळते. मामाने एका हाताने कपाळ आपल्या छातीशी धरावे आणि दुसऱ्या हाताने बाळाचे दोन्ही हात. सोनार ‘अळब्याडव्वा, अळब्याडव्वा’ (कानडीत ‘रडू नको ग बाई’) म्हणत एक कान उरकतो, आणि बाळाला पहिल्या कानाची कळ नीट समजायच्या आत दुसरा. त्यानंतर लगेच बाळाला अंगावर घ्या.

सोने ओळखीच्या माणसाकडचेच घ्या. दोन ग्रॅमच्या आतील दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही आणि बाळाची बाळी त्याहून कितीतरी हलकी असते, त्यामुळे इथे शिक्क्यापेक्षा माणसाचा विश्वास महत्त्वाचा ठरतो. तार बावीस कॅरेटची असावी. ‘तात्पुरते घाला’ म्हणून कोणी जर्मन सिल्व्हरच्या बाळ्या आणल्या, तर नको म्हणा. त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि ताज्या जखमेतून निकेलची ॲलर्जी एकदा जडली की ती जन्मभर राहते.

सासूबाईंच्या इच्छेविषयी सांगायचे, तर जावळ देवीच्या दारी आणि कान घरी, अशी वाटणी त्यांच्यापुढे ठेवून पाहा. मी सौंदत्तीच्या विरोधात नाही, माझ्या मुलांची जावळे तिथेच झाली. पण मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमाराला तिथे किती गर्दी असते हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि भंडारा तर सगळीकडे उधळलेला असतो. ताज्या जखमेत भंडारा जाणे किंवा जावळाच्या वेळी न्हाव्याचा हात तारेला अडकणे, या दोन्ही गोष्टी सहज घडू शकतात. कान टोचलेले असताना जावळाला गेलात, तर बाळाच्या डोक्याला कानांवरून मऊ सुती कापड बांधून न्या, आणि न्हाव्याला आधी कान दाखवा.

सोनाराला शिधा, नारळ, विडा आणि टॉवेल-टोपी द्यायला विसरू नका. मजुरी वेगळी द्यावी.

मुलाविषयी मात्र मी चिकोडीच्या सभासदांशी सहमत आहे. आमच्याकडे शेतकरी घरांतील मुलांचे कान पूर्वी सर्रास टोचत आणि त्यात मला वावगे काही दिसत नाही, परंतु पाच वर्षांचा मुलगा विचारण्याइतका मोठा आहे. त्याला काय होणार ते नीट सांगा, बहिणीचे होताना पाहू द्या, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच थांबवा. बाळाच्या बाबतीत मी थांबायला सांगणार नाही, कारण आजी, मामा आणि ओळखीचा सोनार एकत्र मिळण्याचा योग आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना वारंवार येत नाही.

---

प्रेषक : बालरोगतज्ज्ञ सभासद

सर्वांस नमस्कार.

काकूंनी वेळेविषयी जे लिहिले आहे, ते अगदी योग्य आहे. त्यात लसींची भर घालतो. दोन, चार आणि सहा महिन्यांच्या लसी पूर्ण झाल्या आहेत याची खात्री करा, कारण धनुर्वातापासूनचे संरक्षण त्यांतूनच मिळते. शिवाय सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासापूर्वी गोवराच्या लसीचा एक डोस आधीच द्यावा, अशी इथली शिफारस आहे. तो निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावा. या लसीनंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने काही बाळांना ताप येतो. त्याच दिवसांत कान टोचलेले असतील, तर ताप लसीचा की जखमेचा हे कळणे अवघड होते, म्हणून ही लस लवकर उरकून घ्या.

यजमानांना सांगा की, डॉक्टरांकडे गेलो म्हणजे बंदूक नसेल, असे गृहीत धरू नये. काही दवाखान्यांतही ती वापरतात. जुन्या पद्धतीची प्लॅस्टिकची बंदूक निर्जंतुक करण्याच्या यंत्रातील उष्णता सहन करू शकत नाही, आणि ती तुलनेने बोथट टोकाचा खडा जोराने पाळीत घुसवते. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई असेल, तर डॉक्टरांकडे अवश्य जा. नसेल, तर काकूंनी वर्णन केलेल्या सोनाराला माझी हरकत नाही. मात्र कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे कूर्चेला, लहान मुलांत कोणाकडूनही टोचून घेऊ नये. तिथला संसर्ग कानाचा आकार कायमचा बिघडवू शकतो.

एका बाबतीत मात्र परंपरेला नम्रपणे विरोध करतो. टोचल्यावर खोबरेल तेलात हळद कालवून लावणे, किंवा भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालणे, हे करू नका. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते आणि तिचा लगदा छिद्राच्या तोंडाशी सुकून आतला स्राव अडवून ठेवतो. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ घालून, स्वच्छ कापसाने दिवसातून दोन वेळा पुसणे पुरेसे आहे. खपली धरली असेल, तर ती आधी भिजवावी आणि मगच काढावी. हात धुतल्याशिवाय तारेला कोणीही हात लावू नये. कौतुकाने कान पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगणे थोडे कठीण जाईल, तरी सांगावेच.

बधिर करणारे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका; एक वर्षाच्या आतील बाळांत त्याचे प्रमाण फार जपावे लागते. अंगावर पाजणे हा वेदना कमी करण्याचा उत्तम उपाय आहे. गोड चाटवायचे असेल, तर मध अजिबात नको, कारण वर्षाच्या आतील बाळांना त्यातून बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होण्याचा धोका असतो.

लाली पाळीच्या बाहेर पसरणे, पू येणे, ताप, किंवा तार मांसात रुतून दिसेनाशी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तार परस्पर काढू नका. बाळीची टोके नीट वळलेली आहेत ना, हे रोज पाहा. निघालेली बाळी नऊ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. घरात कोणाला जखमेवर गाठीसारखे जाड व्रण येण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर आधी कळवा. मोठ्या वयात टोचलेल्या कानांत असे व्रण अधिक आढळतात, ही थांबण्याच्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्टही नोंदवून ठेवतो.

विमानातील हवेच्या दाबाचा पाळीच्या जखमेशी काही संबंध नाही. त्याची चिंता करू नये.

---

प्रेषक : एक सभासद (माहेर खानापूर, सासर निपाणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

यजमानांनी सर्व पत्रे वाचली आणि सासूबाईंना फोनवर वाचूनही दाखवली. ‘जावळ देवीपाशी, कान मामाच्या घरी’ ही वाटणी त्यांनी मान्य केली, मात्र नव्या बाळ्या घालून बाळाला देवीच्या पाया पडायला आणावे, अशी त्यांची अट आहे. ती अट आम्ही आनंदाने मानली असून डोक्याला बांधायचे सुती कापड त्या स्वतःच शिवणार आहेत. पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी खानापूरला कान टोचायचे ठरले आहे. भावाने सोनाराशी बोलून घेतले आहे. त्यांनी चिमटा उकळायला संमती दिली आणि तार तुमच्या डोळ्यांसमोरच ओढतो, असे सांगितले. गोवराच्या लसीसाठी येत्या सोमवारची वेळ घेतली आहे. घरात कोणालाही केलॉइडचा त्रास नाही, हे डॉक्टरांना कळवते.

मुलाला विचारले. तो आधी बहिणीचे पाहणार आहे आणि मग सांगणार आहे, तोपर्यंत त्याच्यासाठी सोने घेऊ नये, असे भावाला कळवले आहे.

आपली नम्र.