यकृताचे संरक्षण खरे की विष तयार होणेच थांबले? प्रयोगाच्या मांडणीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका वनस्पतीच्या अर्काची यकृतरक्षक क्षमता तपासत आहे. निष्कर्ष चांगले आले आहेत, पण त्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हे कळेनासे झाले आहे. असे प्रयोग स्वतः केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नर पांढऱ्या उंदरांना सात दिवस नळीने अर्क दिला. रात्रभर उपाशी ठेवून, शेवटच्या मात्रेनंतर तासाभराने, यकृताला मुद्दाम इजा करण्यासाठी वजनाच्या प्रतिकिलो ३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात टोचले आणि २४ तासांनी रक्त व यकृत घेतले. केवळ पॅरासिटामॉल मिळालेल्या गटाच्या स्लाइडवर मध्यशिरेभोवती मृत पेशींचा फिकट पट्टा ठळक दिसत होता. अर्काच्या गटात तो जवळजवळ नव्हता आणि एएलटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर, म्हणजे एन्झाइम) हेही खाली होते. (एएसटी हे तसेच दुसरे विकर मी विचारात घेतलेले नाही, कारण काही नमुन्यांचा सीरम लालसर निघाला होता आणि तांबड्या पेशी फुटल्या की एएसटी तसेही वाढते.) त्या दोन स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शंका नंतर आली. अर्क पाण्यात विरघळत नसल्याने मी तो डीएमएसओ या द्रावकामध्ये दिला, पण तुलनेच्या गटाला मात्र नुसते सलाइन दिले. पॅरासिटामॉलचे काही प्रमाणात सीवायपी२ई१ या विकरामुळे एनएपीक्यूआय या विषारी पदार्थामध्ये रूपांतर होते, ते यकृतातील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य संपवते आणि मग प्रथिनांना चिकटते. त्यातून मायटोकॉन्ड्रिया निकामी होऊन पेशी मरतात. डीएमएसओ नेमके हेच विकर रोखतो. म्हणजे मी पाहिलेले संरक्षण अर्काचे नसून द्रावकाचे असू शकते. शिवाय अर्कानेही विकरच रोखले असेल, तर पेशी वाचल्या एवढेच खरे; ज्याला विषबाधा होऊन गेली आहे अशा रुग्णाला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रयोग पुन्हा करताना अर्क कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या पातळ द्रावणात कालवून द्यावा आणि तेच द्रावण तुलनेच्या गटालाही द्यावे, असे मी ठरवले आहे. पॅरासिटामॉलनंतर ३० मिनिटांनी काही उंदरांच्या यकृतातील ग्लुटाथायोन मोजण्याचाही विचार आहे. ते दोन्ही गटांत सारखेच घटले, तर विष तयार होण्यात अडथळा आलेला नाही असे म्हणता येईल का? सात दिवसांच्या अर्काने मुळातील ग्लुटाथायोनच वाढले असेल, तर हा निकष फसेल अशी मला भीती वाटते.

दुसरा प्रश्न उशिरा दिलेल्या मात्रेचा आहे. विष तयार होण्याचा टप्पा बहुतांशी उलटल्यावर, म्हणजे दीड ते दोन तासांनी, अर्क द्यावा हे पटते. परंतु नळीने दिलेला अर्क शोषला जाईपर्यंत वेळ निघून जाणार नाही का? आणि त्या वेळी तुलनेसाठी एन-ॲसिटिलसिस्टीन (पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचा प्रचलित उतारा) तितक्याच उशिरा द्यावे की आधी?

प्रत्येक वाढीव उंदरासाठी नीतिसमितीची परवानगी लागते, आणि सदोष मांडणीत आणखी प्राणी खर्ची घालणे मला मान्य नाही. म्हणून शेवटचे एक विचारते. केवळ अर्क दिलेल्या गटाची यकृते उणे ८० अंशांवर जपून ठेवली आहेत. त्यांतील सीवायपी२ई१ची क्रिया मोजून काही हाती लागेल का? शेवटच्या मात्रेनंतर २५ तास उलटलेले असल्याने तात्पुरता अवरोध त्यात दिसणार नाही, पण विकराचे प्रमाणच घटले असेल तर ते दिसावे, असा माझा समज आहे; तो चुकत असेल तर कृपया सांगावे.