तिघांचा आवाज

कविता डोळ्यांनीच वाचावी, मंचावर ती पातळ होते, असं काही जण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघा कवींनी वर्षानुवर्षं गावोगाव एकत्र काव्यवाचन केलं. ना पेटी, ना तबला. विंदा सिंधुदुर्गातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, बापट कऱ्हाडचे आणि राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेत वाढलेले. विंदा १९१८ चे, पाडगावकर १९२९ चे, म्हणजे अकरा वर्षांचं अंतर! शिवाय कवितेच्या वाटाही वेगळ्या. तरी एकाने वाचायचं आणि दोघांनी शेजारी बसून ऐकायचं, हे त्यांनी इतकी वर्षं निभावलं. मला यातलं ऐकणंच जास्त मोठं वाटतं. दुसऱ्याच्या टाळ्या मनापासून सोसायला घट्ट मैत्री लागते.

आणि आवाजाचं म्हणाल तर विंदांची 'माझ्या मना बन दगड' घ्या. छापील पानावर ती ओळ दर वेळी सारखीच दिसते. मी एकदा रात्री स्वयंपाकघरात ती मोठ्याने वाचली. पहिल्यांदा ती समजूत वाटली, मग हुकूम. शेवटी शेवटी माझाच गळा दाटून आला. आई भांडी विसळता विसळता थांबली. नळ बंद केला आणि म्हणाली, "परत वाच."

बापट २००२ मध्ये गेले, विंदा २०१० मध्ये, पाडगावकर २०१५ मध्ये. कुणाकडे त्यांच्या वाचनाच्या जुन्या कॅसेट असतील तर त्या खराब होण्याआधी उतरवून घ्या, कळकळीची विनंती.